क्रूगरला जायचंय : आठ दिवस, पाच माणसं आणि ७२ वर्षांच्या सासूबाई

मनस्वी_पुणे
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं घोकत होतो, यंदा आफ्रिका नक्की करायची आहे. मी, नवरा, मुलगा (वय ९), नणंद आणि सासूबाई (वय ७२, गुडघे कुरकुरतात पण उत्साह आमच्यापेक्षा जास्त). सुट्टी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून, जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आत परत. बऱ्याच वाचनानंतर दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानावर गाडी थांबली आहे. प्रश्न असे :
स्वतः गाडी चालवावी की सहल कंपनीबरोबर जावं? आठ दिवसांत पूर्ण पार्क बघून होईल का? मलेरियाचं काय? आणि सासूबाई अंडंही खात नाहीत, त्यांचं जेवणाचं कसं जमवायचं?
जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. न गेलेल्यांनीही लिहा, ते तसेही लिहिणारच.

दीड_शहाणा
न गेलेल्यांतला पहिला प्रतिसाद माझा. आता बसतो शेंगदाणे घेऊन.

भटका_राघू
दोनदा जाऊन आलोय, म्हणून जरा सविस्तर.
"पूर्ण पार्क" हे शब्द आधी डोक्यातून काढा. क्रूगर जवळपास १९,५०० चौरस किमी आहे. आपल्या राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा म्हणजे नगर, तो १७,००० च्या आसपास. म्हणजे अख्ख्या नगर जिल्ह्याहून मोठं जंगल. उत्तर-दक्षिण लांबी साधारण ३६० किमी. आणि वेगमर्यादा डांबरीवर ५०, कच्च्या रस्त्यावर ४०. ती फक्त पाटीवर नाही, तिथे खरंच स्पीडगन घेऊन उभे असतात. प्रत्यक्षात थांबत, बघत, मागे घेत तुमचा वेग ताशी २०-२५ पडतो. त्यामुळे नकाशावर ९० किमी दिसले की पूर्ण दिवस गेला असं समजायचं.
पहिल्या खेपेला आम्ही सहा रात्रींत पाच कॅम्प (पार्कच्या आतली मुक्कामाची ठिकाणं) केले. रोज सकाळी बॅगा भरा, रोज संध्याकाळी दार बंद व्हायच्या आत पोचा. माझ्या बायकोने त्या सहलीला "एसटीचा फेरा" असं नाव ठेवलंय. दुसऱ्या खेपेला दोनच कॅम्प घेतले आणि पहिल्यापेक्षा दुप्पट प्राणी दिसले.

अप्पा_नागपूरकर
वाघ नाही तिथे. विषय संपला.

पक्षीवेडी
अप्पा, कुठलाही धागा काढा, तुमचा ताडोबा त्यात येतोच :)

अप्पा_नागपूरकर
येणारच ना बाई. २० गाड्या एका पाणवठ्यावर उभ्या, सगळ्यांचे कॅमेरे वर, आणि वाघ आपला शांत बसलाय. ते सुख आफ्रिकेत कुठं?

दादरकर
अप्पा, यातल्या २० गाड्या हे सुख की वाघ हे सुख?

जोबर्गवासी
एरवी मी फक्त वाचतो, या धाग्यासाठी रोमातून बाहेर आलो. ११ वर्षं जोहान्सबर्गला आहे, वर्षातून दोनदा तरी क्रूगरला जाणं होतं.
@मनस्वी, तुमचा महिना एकदम योग्य आहे. तिकडे मे-जून म्हणजे कोरडा हिवाळा. गवत वाळून खाली बसतं, झुडपांची पानं गळतात, पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, त्यामुळे प्राणी दिसतात. डिसेंबर-जानेवारीत सगळं हिरवंगार सुंदर असतं, पण सिंह रस्त्यापासून दहा फुटांवर झोपला तरी पत्ता लागत नाही. शिवाय जूनअखेरीपासून इथल्या शाळांना सुट्टी लागते, त्याआधी जाताय म्हणजे गर्दी कमी. मलेरियाही या दिवसांत सगळ्यात कमी असतो. शून्य नाही पण. गोळ्या घ्यायच्या की नाही हे डॉक्टरांना विचारा, मुलगा आणि सासूबाई दोघांसाठी वेगवेगळं विचारा. संध्याकाळी पूर्ण बाह्या, मोजे आणि अंगाला लावायचं मलम, एवढं मात्र नक्की.
गाडी स्वतः चालवा. आपल्यासारखंच डाव्या बाजूने चालवतात, स्टीअरिंग उजवीकडे. लायसन्स इंग्रजीत, फोटो-सहीसकट असावं. सोबत आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवला तर गाडी देणारे वाद घालत नाहीत. गाडी उंच घ्या, पाच माणसांना सेडानमध्ये गवतापलीकडचं काही दिसत नाही.

शाल्मली_के
स्वतः चालवण्याबद्दल असहमत. आम्ही तसंच केलं आणि नवरा आठ दिवस फक्त रस्ता बघत होता. गाइडची नजर वेगळी असते हो. आम्ही ज्याला "दगड" म्हणून पुढे निघालो होतो, तो मागच्या गाडीतल्या गाइडने गेंडा म्हणून दाखवला.

भटका_राघू
शाल्मलीताई, मुद्दा बरोबर आहे, पण त्याला मधला मार्ग आहे. गाडी स्वतःची ठेवा आणि एक-दोन फेऱ्या कॅम्पच्या उघड्या ट्रकमधून करा. त्यांच्या पहाटेच्या फेऱ्या दार उघडायच्या आधी निघतात आणि रात्रीच्या फेऱ्या तर फक्त त्यांनाच करता येतात. मे ते जुलै खासगी गाड्यांसाठी दार सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ५:३० ला बंद. उशीर झाला तर दंड. सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रकमध्ये घेत नाहीत, तुमचा ९ चा आहे म्हणजे चालेल.
आणि उघड्या ट्रकमध्ये पहाटेची थंडी! "आफ्रिका म्हणजे गरम" म्हणून आमच्या मेव्हण्याने हाफ पँट आणली होती. पूर्ण फेरी तो ट्रकमधल्या ब्लँकेटात डोकं घालून होता. बिबट्या त्याने फोटोत पाहिला.

दीड_शहाणा
मेव्हण्याचा फोटो टाका.

सह्याद्री_वेडा
धाग्याला थोडा फाटा फोडतो. मे-जूनच असेल तर टांझानियातलं सेरेंगेटी का नाही? १४,७६३ चौरस किमी, आणि वाइल्डबीस्टचे कळप त्या सुमारास पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकत असतात. क्रूगरमध्ये ते स्थलांतर नाही. उघड्या पठारावर नजर जाईल तिथवर प्राणीच प्राणी, त्याला तोड नाही.

जोबर्गवासी
तोड नाही हे मान्य. पण तिथे स्वतः गाडी चालवणं आपल्यासारख्यांना जमण्यातलं नाही. छत उघडणारी लँड क्रूझर आणि ड्रायव्हर-गाइड घ्यावाच लागतो, मुक्कामही महाग. पाच माणसांचा हिशेब केलात तर क्रूगर बराच स्वस्त पडतो. सरकारी कॅम्पांत झोपडीवजा खोल्या, बाहेर ओटा, फ्रीज, चूल. स्वतः करून खा. सासूबाईंचा प्रश्न तिथेच सुटतो.
आणि येताना केनिया किंवा इथिओपियामार्गे तिकीट काढणार असाल तर पीतज्वराच्या लशीचे नियम आधी वाचा. विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त मुक्काम झाला की दक्षिण आफ्रिका प्रमाणपत्र मागते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांत मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. पैसे वाचवायला लांब थांब्याचं तिकीट काढून इथे विमानतळावर अडकलेली मंडळी पाहिली आहेत.

मनस्वी_पुणे
केवढी माहिती! सगळं उतरवून घेतेय. तिकिटं मग आखातातूनच काढते. आता एक नाजूक प्रश्न. गाडीतून उतरता येत नाही म्हणतात. मग सासूबाईंना दर दीड तासाने... समजलं ना?

खमंग
समजलं. आमच्या आईचाही हाच प्रश्न होता, म्हणून आम्ही नकाशाच त्या हिशेबाने आखला. कॅम्प आणि ठरावीक पिकनिकच्या जागा सोडून कुठेही खाली पाय ठेवायचा नाही, अगदी टायर पंक्चर झालं तरी आधी फोन. पण त्या जागा नीट आहेत, स्वच्छ आहेत. स्कुकूझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला नदीकाठचा रस्ता (एच ४-१) साधारण ४५ किमी, त्याच्या मध्यावर न्कुहलू. लोअर साबी ते सटारा ९० च्या वर किमी, वाटेत त्शोक्वाने. कॅम्पमधून निघताना चहा कमी प्या, त्शोक्वानेला पोचून प्या.
या पिकनिकच्या जागी गॅसवरचा एक मोठा खोलगट तवा भाड्याने मिळतो. त्याला स्कॉटल म्हणतात. मूळचा तो ट्रॅक्टरच्या नांगराचा तवा! आपल्याकडे तव्यांचा नांगर असतो ना, त्यातलीच तबकडी पालथी सोडून उताणी ठेवायची आणि खाली जाळ. आता खास स्वयंपाकासाठी बनवतात. शेजारची मंडळी अंडी आणि सॉसेज परतत होती, आम्ही त्याच तव्यावर थालीपीठं लावली. कडा वर असल्याने तेल मध्ये जमतं, म्हणून थालीपीठ मधोमध न लावता जरा उतारावर लावायचं. शेजारच्या आजोबांनी एक मागून खाल्लं आणि भोक का पाडलंय विचारलं. "तेल सोडायला" हे इंग्रजीत सांगताना माझी फे फे उडाली.

पक्षीवेडी
खमंग, दंडवत घ्या.

दादरकर
नांगराचा तवा हा प्रकार भारी आहे. भाजणी तिकडे नेता येते का पण?

जोबर्गवासी
कस्टमचे नियम खाद्यपदार्थांना कडक आहेत. दूध-तूप, बिया, फळं यांच्या भानगडीत पडूच नका, आणि जे नेताय ते विचारलं तर सरळ सांगा. खरं तर काही आणायची गरजच नाही. जोहान्सबर्गमध्ये फोर्ड्सबर्ग म्हणून भाग आहे, भारतीय वस्तीचा. पिठं, डाळी, मसाले, लोणची सगळं मिळतं. उतरल्याबरोबर तिकडे एक फेरी मारा आणि डबा भरून घ्या.
अजून एक, इथला मोठा तीन गोल पिनांचा प्लग म्हणजे आपल्याकडचा गीझरचा, १६ अँपिअरचा. विमानतळावर महागाचा अडॅप्टर घेण्यापेक्षा पुण्याच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून ती पिन आणि एक एक्स्टेंशन बोर्ड जोडून आणा.

दीड_शहाणा
म्हणजे गीझर घेऊन जायचा, पण पाणी थंडच.

अप्पा_नागपूरकर
माहिती चांगली येऊन राहिली आहे. पण एक प्रामाणिक शंका. हे स्वतःची गाडी घेऊन कुठंही फिरायचं म्हणजे प्राण्यांना त्रास नाही का? आपल्याकडे निदान जिप्सी मोजून सोडतात, गाइड बंधनकारक आहे.

भटका_राघू
चांगला प्रश्न. रस्ता सोडून एक फूटही जाता येत नाही, जे काही आहे ते आखलेल्या रस्त्यांवरून. तरी डांबरी रस्त्यावर सिंह दिसला की ३० गाड्यांचा खोळंबा होतोच, ते ताडोबाच समजा. मी अशा वेळी सरळ पुढे जातो. एकदा तो खोळंबा सोडून जेमतेम दोन किमी गेलो तर रस्त्यात रानकुत्र्यांची टोळी लोळत पडलेली, आणि आजूबाजूला आमच्याशिवाय कोणी नाही.
हत्तीबाबत मात्र सांभाळा. मदात आलेला एकटा नर असेल तर गालावर ओला डाग दिसतो. असा दिसला की भरपूर अंतर ठेवून मागे घ्या, मागे जागा ठेवूनच थांबा. आपली गाडी त्याच्यासमोर खेळणं आहे.

शाल्मली_के
अप्पांच्या मुद्द्यावरून अवांतर. तिथल्या मुख्य कॅम्पचं नाव स्कुकूझा कसं पडलं माहीत आहे का? जेम्स स्टीव्हन्सन-हॅमिल्टन हा १९०२ पासून तिथला वॉर्डन. त्याला स्थानिक त्सोंगा लोकांनी दिलेलं नाव. अर्थ साधारण "झाडून साफ करणारा". प्राण्यांसाठी राखीव जागा करताना त्याने तिथल्या वस्त्या उठवल्या. आपण ते नाव गोड म्हणून टी-शर्टवर छापून घेतो.
१९२६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे १९६९ मध्ये अगदी उत्तरेच्या पफुरी भागातून माकुलेके लोकांना हुसकलं. वर्णभेदाची राजवट गेल्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९८ मध्ये जमिनीची मालकी परत मिळवली. त्यांनी तिथे शेती किंवा खाण न करता जंगल जंगलच ठेवलं आणि पर्यटनाचं उत्पन्न घेतात.

सह्याद्री_वेडा
हे माहीत नव्हतं. ताडोबातल्या उठवलेल्या गावांची आठवण झाली. त्यांना जमीन परत मिळणं वगैरे आपल्याकडे कुणाच्या डोक्यातही येणार नाही.

अप्पा_नागपूरकर
त्या गावातले दोन पोरगे आता गाइड आहेत माझ्या ओळखीचे. एक म्हणतो बरं झालं, रस्ता-शाळा मिळाली. दुसरा पाहुण्यांना दाखवतो, "इथं आमचं घर होतं", आणि लगेच म्हणतो, "तिकडं बघा, सांबर." सरळ उत्तर नाही याला.

पक्षीवेडी
पाचशेहून जास्त जातींचे पक्षी आहेत आणि इथे एकाही प्रतिसादात पक्षी नाही, निषेध! आपल्या नीलपंखाचा भाऊबंद तिथे दर दोन किमीवर फांदीच्या टोकाला बसलेला दिसतो, छाती जांभळट. कॅम्पच्या टेबलावर धनेश येऊन पावाचा तुकडा उचलतात. स्कुकूझाजवळ लेक पॅनिक नावाचं लपणघर आहे, तिथे दोन तास गप्प बसा. मुलगा कंटाळेल म्हणताय? दुर्बीण त्याच्या हातात द्या, तुमच्या नाही.
आणि मरूलाचं झाड ओळखायला शिकवा. आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातलं.

दादरकर
मुलाला अजून एक काम : कॅम्पच्या फलकावर लोक रंगीत पिना लावतात, आज कुठे काय दिसलं त्याच्या. त्यात गेंड्याची पिन नसते. शिकाऱ्यांना पत्ता नको म्हणून. आमच्या मुलीला हे कळल्यावर तिने गेंडा दिसला तरी आम्हाला मोठ्याने बोलू दिलं नाही.

मनस्वी_पुणे
सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं ते असं : एक रात्र जोहान्सबर्ग (फोर्ड्सबर्ग खरेदी), मग लोअर साबी तीन रात्री, सटारा तीन रात्री, शेवटची रात्र परतीच्या वाटेवर. ठीक आहे का? की स्कुकूझा हवाच?

जोबर्गवासी
उत्तम. स्कुकूझा छोटं शहरच आहे, चक्कर मारा, मुक्काम नको. जोहान्सबर्गहून पहाटे निघून क्रोकोडाइल ब्रिज दाराने आत शिरा, तिथून लोअर साबी ३४ किमी. विमानातून उतरून त्याच दिवशी पळत सुटू नका, दार बंद होईल. परत येताना सटाराहून ऑर्पेन दाराने बाहेर पडून ब्लाइड नदीची दरी बघून या. खोली घेताना संडास-बाथरूम आतच आहे ना ते तपासा, काही झोपड्यांना सार्वजनिक असतं. मुलाचा जन्मदाखला जवळ असू द्या, पासपोर्टात दोन पानं कोरी हवीत. आणि आरक्षण आजच करा, उद्या नाही.

खमंग
माकडांपासून भाजणी सांभाळा. इतकंच.

(धागा वर आणला आहे)

मनस्वी_पुणे
परत आलो! लोकांना विचारून ठरवलं, तर हिशेब द्यायलाच हवा.
खमंग, तुम्ही सांगूनही झालं. लोअर साबीच्या ओट्यावर मी पीठ भिजवत होते, वळून पाणी घेतलं तेवढ्यात काळ्या तोंडाचं एक वानर भिजवलेला गोळा घेऊन छपरावर. एक घास खाऊन त्याने तो खाली टाकला. तिखट लागला असावा. सासूबाई म्हणाल्या, "ओवा जास्त झालाय हे मी तुला म्हटलंच होतं."
सटाराजवळच्या प्रसिद्ध एस १०० रस्त्यावर तीन तास फिरलो, दिसली फक्त इंपाळा हरणं. पहिल्या दिवशी आम्ही इंपाळाचे २०० फोटो काढले होते, चौथ्या दिवशी गाडीतून कुणी मानही वळवत नव्हतं. नवरा वैतागला. राघूंचा सल्ला आठवून पुढची सगळी धावपळ रद्द केली.
सगळ्यात चांगली सकाळ लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवरची. गाडी पाण्याच्या कडेला लावली, इंजिन बंद. पाणघोड्याच्या पाठीवर एक बगळा उभा, पाणघोडा बुडला की बगळ्याच्या पायापर्यंत पाणी यायचं, तो नुसता एक पाय वर घ्यायचा. मुलगा हे मोजत बसला, सतरा वेळा. काठावर मगरी ओंडक्यासारख्या. दोन तास आम्ही कुणी काहीच बोललो नाही, आमच्या घरात हा विक्रम आहे.
आणि बिबट्या. नदीकाठच्या रस्त्यावर कलिंगडाएवढी लांबट फळं लोंबणारं झाड असतं, सॉसेज ट्री. आम्ही सगळे खाली गवतात बघतोय. सासूबाई म्हणाल्या, "त्या झाडाला कुणी दोरी बांधलीय गं?" दोरीचं टोक हललं. वर आडव्या फांदीवर महाराज पसरले होते, चारही पाय खाली सोडून. मागून शाल्मली म्हणतात तसला गाइडवाला ट्रक आला, त्याला आमच्या सासूबाईंनी हात करून थांबवलं आणि बोट दाखवलं.

शाल्मली_के
माझं म्हणणं मागे घेते. पुढच्या वेळी तुमच्या सासूबाईच गाइड म्हणून पाठवा.

अप्पा_नागपूरकर
बिबट्या आमच्याकडे एमआयडीसीतही दिसतो. पण काकूंना नमस्कार सांगा. ताडोबाला या, जिप्सीत पुढची सीट त्यांची.

भटका_राघू
थंडी किती होती?

मनस्वी_पुणे
पहाटे ट्रकमध्ये दोन स्वेटर, कानटोपी आणि ब्लँकेट, तरी दात वाजत होते. दुपारी टी-शर्टवर. नणंदेने घेतलेल्या पाच हाफ पँट पाचही घडी न मोडता परत आल्या.

दीड_शहाणा
आणि प्लग?

मनस्वी_पुणे
चालला की. फक्त नवऱ्याने दुकानात जायचा कंटाळा करून घरच्या गीझरचीच पिन काढून नेली होती. ती सटाराच्या खोलीत भिंतीला राहिली. सध्या पाणी गॅसवर तापवतोय.